तेलाच्या चिंध्या

आग विझायला एक दुपार पुरली, पण तिचा वास काही घर सोडायला तयार नव्हता. सुतारणीनं भिंती खरवडल्या, फरशी घासून घासून धुतली, पांघरुणं उन्हात घातली, तरी जेवायला बसलं की पहिल्या घासाबरोबर जळकं लाकूड तोंडात यायचं. नवरा विचारायचा, "कशाची चव आहे ही?" ती म्हणायची, "दवाखान्याच्या दरवाजांची." एरवी दोघं हसले असते. आता तो नुसता मान खाली घालून डाव्या हातानं घास उचलायचा, आणि निम्मा घास परत ताटात पडायचा.

उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. पेटलेल्या शेडमध्ये थिनरचा डबा काढायला घुसले होते ना महाराज! डबा निघाला, पण हाताची कातडी तिथंच राहिली. ज्या हातात रंधा लोण्यात सुरी चालावी तसा चालायचा, त्या हाताला आता सदऱ्याचं बटण लागेना. ती बटणं लावायला पुढे झाली की तो छताकडे बघत उभा राहायचा. शेवटचं बटण लागलं की "हं" म्हणायचा आणि बाहेर जायचा. सकाळचं बोलणं तेवढंच.

कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागच्या भिंतीला टेकून काढलेली पत्र्याची शेड. पण तिच्यावरच घर चालत होतं. दवाखान्यासाठी केलेली तयार दारं जळाली, सुकायला ठेवलेल्या फळ्या जळाल्या, करवतींच्या मुठी जळाल्या. पटाशा राखेत सापडल्या खऱ्या, पण आगीनं त्यांच्या पोलादाचं पाणी उतरलेलं. लोहारानं एक पटाशी नखावर घासून बघितली आणि म्हणाला, "ही आता फक्त पाठ खाजवायला." तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळा करून घेऊन गेला आणि पुन्हा पाणी देऊन आणल्या.

हे सगळं सुतारणीनं सोसलं असतं. लाकूड जळतं, लाकूड परत मिळतं. तिच्या जिवाला घोर होता तो धाकट्या दिराचा.

धाकट्याला सगळी गल्ली 'धुराडं' म्हणायची. सकाळी याचे डोळे उघडायच्या आधी सिगारेट पेटते, असं शेजारची शिंपीण म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. सुतारीण लग्न होऊन आली तेव्हा हा तिच्या कमरेएवढा होता. त्याचं नाक तिनं पुसलं, त्याला पोहायला तिनं ढकललं, पहिली सिगारेट पकडली तेव्हा कानाखालीही तिनंच वाजवली. उपयोग शून्य. पण हात सोन्यासारखा. सांधा असा बसवायचा की केस शिरणार नाही.

त्या दिवशी सगळे जेवायला घरात आले, धुराडं सगळ्यात शेवटी. जेवणं उरकून जरा आडवे झाले तोच मागून धूर. मग आरडाओरडा, बादल्या, सगळी गल्ली गोळा. आग विझली, राखेतून वाफा निघत होत्या, तेव्हा शिंपिणीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "शेवटी बाहेर कोण आलं?"

सगळ्यांच्या माना धुराड्याकडे वळल्या.

"मी आत ओढत नाही," तो म्हणाला. "दाराबाहेर ओढतो. विझवून टाकतो."

सुतार भाजलेला हात बादलीत बुडवून बसला होता. दुखण्यानं त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. तो तिथूनच ओरडला, "खोटं बोलू नकोस! ढलप्यांत टाकलीस तू. मी बघितलं, माझ्या डोळ्यांनी!"

झालं. मोठ्या भावानं बघितलं म्हटल्यावर पुढं बोलायला काय उरलं?

त्यानंतर धुराडं रोज उजाडताच शेडवर यायचा, घमेल्यानं राख भरायचा, काळे पत्रे ओढून बाहेर टाकायचा. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्यानंही कोणाकडे चहा मागितला नाही. एक दिवस त्याच्या हातून जळका वासा निसटून सुताराच्या पायाशी पडला. एवढंसं निमित्त. सुतार गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चालता हो. या अंगणात पुन्हा पाऊल टाकू नकोस." धुराड्यानं घमेलं पालथं घातलं, हात झटकले आणि गेला.

तो लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला राहिला. ज्या हातानं सांधे बसवायचे त्या हातानं ओंडके! सुतारीण डबा घेऊन जायची. नवऱ्याला ते माहीत होतं, पण डबा कुणाचा, कुठं चाललीस, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

"हात कसा आहे दादाचा?" डबा उघडायच्या आधी त्याचा हाच प्रश्न.

"बोटं हलायला लागलीत. तू जेव."

तो हाडकला होता. खांद्यावर ओंडक्यानं सोललेलं, त्यावर माशा. आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, त्याच्या अंगाला सिगारेटचा वास नव्हता.

"सोडलीस?"

"हं."

"माझ्या थपडेनं सुटली नाही ती सुटली?" तिनं चेष्टा करून बघितली. तो हसला नाही. मग तिनं त्याच्याकडे सरळ बघत विचारलं, "खरं सांग मला. टाकली होतीस तू?"

आधी प्रत्येक वेळी तो "नाही" म्हणाला होता. आज डब्याच्या झाकणावर बोट फिरवत म्हणाला, "असेल, वहिनी. दादा खोटं कशाला बोलेल?"

ती परत येताना रस्ताभर त्या 'असेल'शी भांडत आली. नाही म्हणणारा पोरगा असेल म्हणायला लागला, याचं तिला आगीपेक्षा भय वाटलं.

पण काम थांबून कसं चालेल? दवाखान्याची दारं द्यायची होती. शेड पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा शिंपीण कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"पोरी, शेड बांध, माझी ना नाही. पण तुझं ते थिनरचं जहाल पाणी माझ्या भिंतीला टेकून ठेवायचं नाही. माझ्या घरात कापडाचे गठ्ठे. त्या दिवशी वारा उलटा असता तर मी आज तुला शिव्या द्यायलासुद्धा उरले नसते."

"खरं आहे काकू," सुतारीण म्हणाली. "शिव्या द्यायला तुम्ही हव्यातच."

त्या दिवशी तिनं घर धुंडाळलं, आणि जे बाहेर निघालं ते बघून तिचंच तिला नवल वाटलं. पलंगाखाली वॉर्निशचे डबे. कपड्यांच्या पेटीमागे स्पिरिट. चुलीच्या वरच्या फळीवर, हो, चुलीच्या वर, टर्पेंटाइन, कारण तिथं ते थंडीत घट्ट होत नाही असं सुताराच्या वडिलांनी कधीतरी सांगितलेलं. आणि थिनर पाण्याच्या बाटल्यांत! पाहुणा आला आणि तहानला असता तर त्याचा उद्धारच झाला असता.

"इतकी वर्षं काही झालं का?" सुतार कुरकुरला.

"झालं की," ती म्हणाली, आणि त्याच्या हाताकडे बघितलं.

लोहारानं जाड पत्र्याचं कपाट करून दिलं, खाली वर वारा खेळायला भोकं ठेवून. ते अंगणाच्या पार टोकाला, घरापासून आणि चुलीपासून लांब, विटांच्या ओट्यावर सावलीत बसवलं. प्रत्येक द्रवाला त्याचा डबा, डब्यावर ठळक नाव, झाकण घट्ट. पाण्याच्या बाटल्या तिनं फोडूनच टाकल्या. शेडमधला भुसा आणि ढलप्या रोज संध्याकाळी झाडून बाहेर न्यायच्या असा नियम केला. दाराशी वाळूच्या बादल्या ठेवल्या. शिंपिणीनं येऊन सगळं तपासलं, कपाटाचा कडी-कोयंडा दोनदा वाजवून बघितला आणि म्हणाली, "आता तुझ्या घरात चहा प्यायला हरकत नाही."

एवढं सगळं झालं, पण चिंध्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. जाणार तरी कसं? चिंधीला कोण धोका म्हणतं?

या घराची दाराला तेल द्यायची एक रीत होती. अळशीचं तेल कापडावर घ्यायचं आणि लाकडात जिरेपर्यंत चोळायचं. चोळणं सुतारणीचं, चिंध्या सांभाळणं सुताराचं. तेल प्यायलेली चिंधी टाकायची नाही. ती पिळायची, चुरगाळून पेटीत भरायची, पायानं दाबायची, वर पोतं घालायचं, म्हणजे हवा लागून कडक होत नाही आणि दुसऱ्या दिवशी कामाला येते. तेलही वाचतं, कापडही वाचतं. बापानं तसं केलं, म्हणून यानं तसं केलं.

नवीन दार तयार झालं. रखडत, डाव्या हातानं, रोजानं माणूस लावून, पण झालं. सकाळी तिनं त्याला तेल चोळलं. सुतार शेजारी बसून सूचना करत होता. हात चालत नव्हता, तोंड चालत होतं.

"चिंध्या भर. पत्र्याच्या नव्या डब्यात भर."

"त्याचं झाकण लोहारानं दिलेलं नाही अजून."

"पोतं टाक वर. दाब. अजून दाब. पाय घाल की, डबा काय रडतोय?"

तिनं पाय घालून दाबलं. दुपारचं जेवण झालं, तो पडला. दाराच्या खालच्या कडेला तेल लावायचं राहिलं म्हणून ती चिंधी काढायला शेडमध्ये गेली. दारातच तिला वास आला. उग्र, खवट, करपल्यासारखा. तिला वाटलं, तोच तो जुना वास. पोतं बाजूला केलं आणि चिंध्यांत हात खुपसला.

हात तिनं ओरडून बाहेर काढला. वरच्या चिंध्या कोमट, आणि आत विस्तव ठेवावा तसं गरम! तिनं भोवती बघितलं. चूल विझलेली. दिवा नाही, काडी नाही, रोजाचा माणूस घरी गेलेला. आणि धुराडं? तो तर वखारीत, तेही सिगारेट सोडून बसलेला. तिनं डबा उचलला, कसाबसा अंगणात आणला आणि पाण्याच्या पिंपात उपडा केला. पाणी चुर्र वाजलं. मधल्या चिंध्या तांबूस काळ्या झाल्या होत्या, हात लावला की तुकडे पडत होते.

ती पिंपाला धरून उभी राहिली. त्या दिवशीसुद्धा सकाळी दारांनाच तेल दिलं होतं. ढीगभर चिंध्या होत्या. पेटी ढलप्यांच्या कोपऱ्यातच होती.

सुतार उठल्यावर तिनं त्याला पिंपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं एक करपलेली चिंधी उचलून वास घेतला.

"तेल आपोआप तापतं होय? वेडी की काय तू? पत्रा उन्हानं तापला असेल."

"डबा सावलीत होता. आणि वरच्या चिंध्या कोमट, दाबून कोंडलेल्याच तेवढ्या तापल्या."

"मग रोजाच्या माणसानं..."

"तो कधीच गेला होता." ती थांबली नाही. "तुम्ही बघितलंत का हो खरंच? त्याला सिगारेट टाकताना?"

सुतार चिंधी पिळत राहिला, डाव्या हातानं, पाणी संपलं तरी.

"गल्लीसमोर त्याला हाकललंत," ती म्हणाली. "आता जे काय आहे ते गल्लीसमोरच होऊ दे."

"आधी मला दिसू दे," तो म्हणाला. "दिसल्याशिवाय मी मानणार नाही."

हट्टी तर होताच. पण दुसऱ्या दाराचं काम झालं त्या सकाळी त्यानं स्वतःच जुन्यासारखी एक लाकडी पेटी काढली, तेलाच्या चिंध्या पिळून आत भरल्या, स्वतःच्या पायानं दाबल्या, वर पोतं घातलं आणि पेटी अंगणाच्या मधोमध मोकळ्या जमिनीवर ठेवली. शेजारी पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या. "शिंपीणकाकूंना बोलाव," तो म्हणाला. "लोहाराला बोलाव. आणि त्याला बोलाव."

धुराडं आला तो कुंपणाच्या फाटकापाशी थांबला. फाटक सताड उघडं होतं, पण तो बाहेरच्या दगडावर बसला.

"आत ये ना रे," सुतारीण म्हणाली.

"पाऊल टाकू नको म्हणालाय," तो म्हणाला.

सुतारानं ते ऐकलं. तो पेटीशेजारी उकिडवा बसला होता. मान वर केली नाही.

ऊन चढत गेलं. पेटी गप्प. लोहार आधी उभा होता, मग बसला, मग टेकला. "माझी भट्टी फुंकून फुंकून जीव जातो तरी पेटत नाही," तो म्हणाला, "आणि यांची चिंधी म्हणे आपोआप पेटणार!"

"अरे, शिजतंय ते," शिंपीण म्हणाली. "जरा मीठ घाला म्हणजे झालं."

लोक हसले. सुतार हसला नाही. घाम त्याच्या हनुवटीवरून पेटीच्या कडेवर पडत होता. मधूनच तो पोत्याला नाक लावायचा आणि परत मागे व्हायचा. सुतारणीला त्याचा चेहरा दिसत होता, आणि तिला एकदम कळलं की हा माणूस धुराची वाट बघतोय. जन्मात कधी 'माझं चुकलं' न म्हणालेला हा माणूस स्वतः चुकीचा ठरावा म्हणून उन्हात बसलाय. तिचे डोळे भरून आले. पेट बाई, ती मनात म्हणाली, एकदाची पेट.

"दादा, ऊठ," धुराडं दगडावरून म्हणाला. "जखमेला ऊन चांगलं नाही. कशाला बसलायस? मीच टाकली होती. मी म्हणतोय ना."

"तू गप्प बस," सुतार म्हणाला.

लोक कंटाळून उठायला लागले होते. लोहार कपडे झटकत होता तेवढ्यात त्याचंच नाक आक्रसलं. "वास कसला रे?" पोत्याच्या विणीतून एक बारीक निळसर रेघ वर आली, मोडली, परत आली. मग जाड झाली. सुतारानं काठीनं पोतं उचललं. आतला काळा गोळा हवा लागताच लाल झाला, आणि भप्पकन जाळ उठला.

"अगं बाई!" म्हणत शिंपीण स्वतःच्या कुंपणापलीकडे पोचली. धुराडं दगडावरून उठला कधी, फाटक ओलांडलं कधी, त्याचं त्यालाही कळलं नसावं. पहिली बादली त्यानं ओतली, दुसरीही ओतली. काळं पाणी सगळ्यांच्या पायांखाली पसरलं.

सुतार उभा राहिला. गुडघे अवघडल्यामुळे नीट उभं राहायला त्याला वेळ लागला.

"त्या दिवशी चिंध्या मी भरल्या होत्या," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या पायानं दाबल्या. आग माझी होती. याची नव्हती."

शिंपीण कुंपणापलीकडून हळूच म्हणाली, "जाऊ दे रे बाबा. कोणाला ठाऊक होतं?" लोहारानं मान हलवली. माणसं एकेक करून पांगली, आणि अंगणात तिघंच उरले.

धुराडं रिकामी बादली धरून उभा होता.

"पण दादा," तो म्हणाला, "तू बघितलं होतंस ना?"

सुतारानं हातातली काठी खाली टाकली.

"कारण मलाही दिसतं," धुराडं म्हणाला. "आधी दिसत नव्हतं. तू म्हणालास, मग दिसायला लागलं. रोज दिसतं. ढलप्यांत टाकली, टोक लाल आहे, आणि मी तसाच जेवायला चाललोय. स्वच्छ दिसतं. मग ते काय आहे? तू काय बघितलंस?"

सुतारीण मध्ये पडली असती, पण हे तिचं काम नव्हतं.

"काही नाही," सुतार म्हणाला. "मी काही बघितलं नव्हतं. हाताची आग होत होती. कोणावर तरी ओरडायचं होतं. तू समोर होतास."

धुराड्यानं बादली खाली ठेवली.

"मला राग येतोय, दादा."

"येऊ दे."

"खूप येतोय."

"येऊ दे. पण इथं बस आणि येऊ दे. वखारीत जाऊन नको."

धुराडं पत्र्याच्या कपाटाच्या विटांच्या ओट्याकडे गेला आणि भावाकडे पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. सुतार जाऊन त्याच्या शेजारी बसला, जरा अंतर ठेवून. सुतारणीनं काठीनं ओल्या चिंध्या उचलल्या आणि तारेवर एकेक सुटी करून पसरायला घेतल्या.